सरासरीचं गणित

पुतण्याची मुलगी अमेरिकेत एम.एस. करायला लागल्यापासून पुसदहून, वणीहून, नागपूरहून फोन चालू आहेत. "डॉक्टर व्हायचं होतं ना तिला? मग हे काय मध्येच? वर्ष वाया!" प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा म्हटलं, इथेच लिहावं.

तिला डी.ओ. व्हायचंय. ऑस्टिओपॅथी म्हणजे आपला हाडवैद्य नव्हे हो! अँड्र्यू टेलर स्टिल यांनी 1892 मध्ये मिसुरीतल्या कर्क्सव्हिल गावी याचं पहिलं कॉलेज काढलं. आज तिथला डी.ओ. एम.डी.सारखीच औषधं देतो, ऑपरेशनं करतो.

आपल्याकडचा हिशोब सरळ. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्रात ठरावीक टक्के मिळाले की पुढे सगळं नीटच्या 720 गुणांवर. एम.एस्सी.ला सुवर्णपदक मिळवलं तरी यवतमाळच्या वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालयातली जागा त्याने जवळ येत नाही. आणि नीट पुन्हा दिली तर मागचे गुण नव्यात मिसळत नाहीत. पाटी कोरी.

तिकडे पाटी पुसत नाहीत. एमकॅट ही परीक्षा आहेच, पण कॉलेजातल्या प्रत्येक विषयाची ग्रेडही मोजतात. ए म्हणजे 4, बी म्हणजे 3, सी म्हणजे 2. त्याला विषयाच्या क्रेडिटने गुणायचं आणि बेरजेला एकूण क्रेडिटने भागायचं. पूर्वी डी.ओ.च्या अर्जात विषय पुन्हा केला तर शेवटचीच ग्रेड धरत. 1 मे 2017 पासून ती सवलत गेली. आता सगळ्याच ग्रेड धरतात.

मग एम.एस. कशाला? तर डी.ओ.च्या अर्जात पदवीची सरासरी वेगळी, पदव्युत्तरची वेगळी आणि दोन्ही मिळून एक एकूण सरासरी काढतात. एम.डी.साठीच्या मुख्य अर्जात पदव्युत्तर ग्रेड पदवीच्या आकड्यात मिसळत नाहीत.

मी बी.ए.वाला, पण एवढं गणित जमतं. समजा, पदवीला 120 क्रेडिट आणि सरासरी 3.0, म्हणजे 360. पुढे 30 क्रेडिटला सगळ्या ए, म्हणजे 120. बेरीज 480, भागिले 150. उत्तर 3.2.

वर्षभर राबून वाढ शून्य पूर्णांक दोनची, तीही सगळ्या ए मिळाल्या तर! फी कर्जाची. सी जास्त पडून या वर्षाची सरासरी 3.0 च्या खाली गेली तर आहे तेही खाली. हे सगळं मी पुतण्याला कागदावर मांडून दाखवलं.

तरी मी पोरीच्या बाजूने आहे. पदवीच्या दुसऱ्या वर्षी तिची आई आजारी होती. त्या सहामाहीच्या ग्रेड कायम राहणार. पण अर्ज तपासणाऱ्यापुढे 3.2 च्या शेजारी 3.0 आणि 4.0 हेही आकडे असतील. आम्ही मास्तर लोक प्रगतीपुस्तक हाती आलं की सहामाहीवरून वार्षिकवर नजर नेत असू. पोरगं चढतंय की उतरतंय, ते तिथे कळायचं. तिकडच्या समितीलाही ते दिसेल, अशी आशा आहे. हमी नाही.

असो. मंडळी, तिला फोन केलात तर "लागला का नंबर?" असं विचारू नका. बायोकेमिस्ट्री कशी चाललीय, ते विचारा. तासभर बोलते.