बीडची एस.टी. आणि दियारबाकिरचा मुक्काम

आमच्या बीड जिल्ह्याला विमानतळ नाही. बीड शहरात रेल्वे आली तीच मुळी १७ सप्टेंबर २०२५ रोजी. विमान गाठायचे तर एस.टी.ने गेवराई, पाचोड करीत चिकलठाण्याला जायचे, नाहीतर रात्रभर बसून मुंबईला. तरी हा विषय आता आपल्या घरात आला आहे. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर नवबौद्ध मुले-मुली विलायतेला शिकायला जातात, कुणाचा भाऊ आखातात कामाला असतो.

मांजरसुंब्याच्या घाटात एस.टी. बंद पडली की काय होते, हे आपण सारे जाणतो. कंडक्टर मागून येणारी गाडी थांबवितो, त्याच तिकिटावर आपल्याला तीत कोंबतो. उभे राहून का होईना, घरी पोहोचतो. विमानाचे तसे नाही.

२ एप्रिल २०२५ रोजी व्हर्जिन अटलांटिक कंपनीचे विमान लंडनहून मुंबईला निघाले होते. वाटेत एका प्रवाशाची प्रकृती बिघडली, म्हणून ते तुर्कस्तानातील दियारबाकिरला उतरविले. एका जिवासाठी विमान वळविले, यात कुणी तक्रार करू नये. पण उतरताना विमानात बिघाड झाला. अडीचशेहून अधिक माणसे, त्यांत पुष्कळ भारतीय, तिथेच अडकली.

दियारबाकिर हे तैग्रिस नदीकाठचे जुने शहर. तिथली तटबंदी आपल्या मराठवाड्यासारख्याच काळ्या दगडाची आहे. पण विमानतळ लष्करी वापराचा, सोयी तोकड्या, आणि हाती तुर्कस्तानचा व्हिसा नाही. मग बाहेर पडणार कसे? लोक जमिनीवर झोपले. थंडीत पांघरूण मिळेना, शौचालय अपुरे, अशा तक्रारी प्रवाशांनी केल्या. पुढे कंपनीने हॉटेलची सोय केल्याचे सांगितले, अंकारा येथील भारतीय दूतावासानेही लक्ष घातले. ४ एप्रिलच्या रात्री माणसे मुंबईला पोहोचली. चाळीस तासांहून अधिक खोळंबा! आम्हांला खटकते ते हे की, बिघाड यंत्राचा होता, पण पांघरुणाला कुठले यंत्र लागते?

कायदा मात्र प्रवाशाच्या बाजूने आहे. ब्रिटनहून सुटणाऱ्या विमानाला फार उशीर झाला, तर कारण काहीही असो, खाणेपिणे आणि मुक्कामाची सोय कंपनीनेच करायची असते. तिने केली नाही, तर स्वतः केलेला वाजवी खर्च पावत्या दाखवून मागता येतो. आपल्याकडेही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत उशिरासाठी अल्पोपाहार आणि २४ तासांपेक्षा जास्त उशीर झाल्यास हॉटेल ही तरतूद आहे.

म्हणून लेकरू निघताना चटणी-भाकरीबरोबर चार गोष्टी हातातल्या पिशवीत घाला: रोजची औषधे, एक शाल, फोनचे चार्जर आणि दूतावासाचा नंबर कागदावर लिहून. मोठी बॅग विमानाच्या पोटात जाते, आणि अशा वेळी ती लवकर हाती येईलच असे नाही.