चिंचोके

आमच्या घरात चिंच खाऊन चिंचोका थुंकून टाकायची सोय नव्हती. तो धुवायचा, उन्हात वाळवायचा आणि फडताळावरच्या डालड्याच्या डब्यात टाकायचा. मावश्या असोत, शेजारी असोत की लग्नाचं आमंत्रण घेऊन आलेले पाहुणे, नियम सगळ्यांना सारखा. डहाणूच्या बाजारात चिंच फोडायला बसणाऱ्या बाया आईला लांबूनच ओळखायच्या. गिऱ्हाईक म्हणून ती अगदीच बेताची होती, पण तिच्यासाठी बियांची पिशवी बाजूला ठेवलेली असायची.

आई तलासरीच्या वाटेवरच्या एका पाड्यावर बालवाडी चालवायची. बाबा फुग्यांच्या कारखान्यात हिशेब लिहायचे. डहाणूत फुग्यांचे कारखाने होते, हे आता बाहेरच्यांना मुद्दाम सांगावं लागतं. बाबा रद्दी फुगे आणायचे, आई चिंचोके न्यायची. आमच्या वाट्याला फुगे यायचे आणि पाड्यावरच्या मुलांच्या वाट्याला आई, असं मी लहानपणी रागाच्या भरात म्हणायचे. राग अगदीच खोटा नव्हता. घरी दोनदा विचारलं की ती करवादायची. तिकडे एकाच मुलाला ‘पाच’ शिकवताना तिचा सूर वर गेलेला मी ऐकला नाही.

बियांवर मोजायला शिकवायची ही रीत डहाणूजवळच्या कोसबाडची. 1945 साली ताराबाई मोडक बोर्डीला आल्या आणि त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. बरोबर अनुताई वाघ होत्या. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य आलेली ही बाई पुढे आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांत राहिली. 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मॉन्टेसोरीबाईंची लाकडी साधनं सुबक खरी, पण त्यांची किंमत खेड्यातल्या शाळेला झेपणारी नव्हती. मग शिंपले, खडे, बिया, पानं, माती हेच साहित्य झालं. मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली, कुरणातच. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसणाऱ्या मुलीची अडचण ओळखून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. पुढे 1975 साली सरकारची बालविकास योजना आली आणि अंगणवाडी देशभर गेली. आईनं शिक्षण घेतलं ते त्याच टेकडीवर, ताराबाईंच्या अखेरच्या वर्षांत. ताराबाईंना तिनं लांबूनच पाहिलं. तिच्या तोंडी नाव असायचं ते अनुताईंचं, तेही घरातल्या थोरल्या बहिणीचं घ्यावं तसं.

डब्यात काय असावं याचे तिचे नियम होते. चिंचोके आणि सागरगोटे चालतील. बोर्डीच्या किनाऱ्यावरचे शिंपले चालतील, पण कडा दगडावर घासून. गुंजा दिसायला कितीही गोजिऱ्या असल्या तरी घरात आणायच्या नाहीत, विषारी असतात. चिकूच्या बिया घोलवडच्या वाड्यांमधून हव्या तेवढ्या मिळाल्या असत्या, काळ्याभोर आणि चकचकीत. पण त्यांच्या टोकाला आकडा असतो, तो घशात अडकतो. त्या मोठ्या मुलांपुरत्या, निराळ्या पुडीत.

आणि तरीही चिंचोके कमी पडायचे. आषाढ लागला की फार. मला वाटे हरवत असतील. एकदा आईची वही चाळताना दिसलं, साहित्याच्या रकान्यात दर पावसाळ्यात तिनं एकच शब्द लिहिलेला, ‘कमी’. विचारलं तर म्हणाली, “भाजून खातात.” मुलांच्या घरातलं भात संपलेलं असायचं, नवं यायला अवकाश. चिंचोके निखाऱ्यावर भाजले, साल काढलं की चघळता येतात, बराच वेळ पुरतात. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी साहित्य जातं कुठे म्हणून तिला धारेवर धरलं होतं. “पोटात जातं,” असं तिनं सांगितलं. साहेबांनी ते लिहून घेतलं नाही.

तिला मोजणं का इतकं लागून राहिलं होतं, ते मला उशिरा कळलं. तिच्या पाड्यावरची म्हातारी माणसं लग्नगड्यांच्या पोटची होती. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि फेडीसाठी नवराबायकोनं त्याच्याकडे राबायचं, ते संपायचंच नाही. किती घेतले, किती फिटले, हे सावकाराच्या वहीत. 1945 च्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी वारल्यांची मोठी सभा झाली आणि गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकरांच्या साथीनं वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला. ताराबाई बोर्डीला आल्या तेच हे वर्ष. एकीकडे लाल बावटा, दुसरीकडे शिंपले. दोन्हीकडच्या माणसांचं एकमेकांशी किती पटलं असतं, कोण जाणे. आईनं मात्र गोदावरीबाईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ डालड्याच्या डब्याखालीच ठेवलं होतं. तिचं म्हणणं साधं होतं, “ज्याच्या आज्याला कर्ज मोजता आलं नाही, त्याला निदान वीस तरी मोजता आले पाहिजेत.”

दिवाळी झाली की पाडा ओस पडायचा. माणसं वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर जायची, पोरंही बरोबर. निघायच्या आदल्या दिवशी आई प्रत्येकाला मूठभर चिंचोके फडक्यात बांधून द्यायची, तिकडे मोजायला. होळीला माणसं परत यायची. एका होळीला तिच्या वर्गातली एक मुलगी शंभरापर्यंत न अडखळता मोजत आली. पाच वर्षांची असेल. मी तेव्हा आईबरोबर गेले होते, मला वाटलं आता ही तिला उचलून घेणार. आईनं फक्त विचारलं, “कशावर मोजलंस?” मुलीनं सांगितलं, इटांवर. भट्टीवर मजुरी हजार विटांवर ठरते. थापलेल्या विटांच्या ओळी तिची आई लावायची आणि ही मोजायची. आईनं तिचे तळवे उलटेसुलटे करून पाहिले, मातीनं भेगाळलेले. मग त्या हातांना खोबरेल चोळत बसली. वर्ग तसाच राहिला. परत येताना एसटीत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. त्यानंतरच्या दिवाळीला तिनं मुठी भरल्या त्या आधीपेक्षा मोठ्या, हे मात्र मला आठवतं. शंभर येत असतील तर दोनशे शिकवायचे, वीट असो की चिंचोका. चिडून बसण्यात तिला रस नव्हता.

निवृत्तीनंतर डबा फडताळावरच राहिला. नातवंडं शहरात, त्यांना चिंचोक्यांशी देणंघेणं नव्हतं. 2018 च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडीच्या बाजूला लोक थंडीत घराबाहेर झोपायचे. भूकंपमापक बसले, तज्ज्ञ आले, तंबू आले. आमच्याकडे तो डालड्याचा डबा होता. भांडी हलायच्या आधी चिंचोके खडखडायचे. आई उठून बसायची, “झाला एक,” म्हणायची आणि डब्यातला एक चिंचोका काढून वाटीत टाकायची. मी फोनवर विचारलं की वाटीत किती ते सांगायची. तिला मी मुंबईला ये म्हणून विनवलं, भांडलेसुद्धा. ती म्हणाली, तिकडे मोजायचं कोण?

तिचं आजारपण लांबलं नाही. बाराव्याला पाड्यावरची माणसं टेम्पो करून आली. त्यांतल्या अर्ध्याअधिकांना मी ओळखत नव्हते आणि त्या सगळ्यांना माझं लाडाचं नाव माहीत होतं, मी कोणत्या इयत्तेत गणितात नापास झाले तेही. म्हणजे आई तिकडे आमच्याबद्दल बोलायची! मला याचा इतका धक्का बसला की आलेल्यांना चहा विचारायचंही सुचलं नाही. ते काम भावजयीनं केलं.

डब्याचं काय करायचं यावर भावाचं आणि माझं एकमत होईना. शेवटी मी तो घेऊन पाड्यावर गेले. आता तिथे पक्क्या इमारतीत अंगणवाडी आहे, भिंतीवर फळांची चित्रं आहेत, कोपऱ्यात रंगीत प्लॅस्टिकचे मणी आहेत. सेविका तरुण, तिथलीच. तिनं डबा आत घेतला नाही. “कडेला गंज आहे ताई, पोराचं बोट कापेल.” चिंचोके ताटात ओतून घेतले, चिकूच्या बियांची पुडी उघडून पाहिली आणि मला परत दिली. आकडा दाखवला. मी म्हटलं, “माहीत आहे.” मग मुलांची वजनं मोबाइलमध्ये भरता भरता तिनं त्यांच्यापुढे चिंचोके सारले.

“भाजून खातील हं,” मी म्हटलं.

ती हसली. “नाय ताई. आता पाच रुपयांची पुडी लागते त्यांना. पण वजन बघा ना,” आणि तिनं मोबाइल माझ्यापुढे धरला.