ऊब, ओलावा आणि घाम

जबलपूर जिल्ह्यातील कुंडम हे हिरन नदीच्या उगमाजवळचे, गोंड वस्तीच्या मुलखातील तहसिलीचे गाव. १९५६ पर्यंत जबलपूर व नागपूर एकाच प्रांतात होती. त्या काळात नोकरीनिमित्त आलेली अनेक मराठी कुटुंबे या बाजूस स्थायिक झाली. अशाच एका घरातील शिक्षक कुंडमच्या शाळेत इंग्रजी शिकवतो आणि ‘वॉर्म’ या साध्या विशेषणापाशी दरवर्षी अडखळतो.

मुले ‘गरम’ म्हणतात. पण गरम चहा इंग्रजीत ‘हॉट’ असतो. पाण्यापुरते हिंदी ‘गुनगुना’ किंवा मराठी ‘कोमट’ जुळते; परंतु कोमट स्वागत म्हणजे निरुत्साही स्वागत, आणि ‘वॉर्म’ स्वागत नेमके त्याच्या उलट. शालीला ‘उबदार’ शोभते, रंगाला मात्र ‘उष्ण’च म्हणावे लागते. स्नेहाच्या बाबतीत तर मराठीची रीत आणखी वेगळी आहे. मायेची ऊब तिला ठाऊक आहेच. तथापि आपुलकी आटली की ती वागणुकीला ‘कोरडी’ म्हणते, आणि आपुलकी असली की तीत ‘ओलावा’ पाहते. इंग्रजी माणूस स्नेहासाठी शेकोटीजवळ सरकतो. मराठी माणसाला शेकोटीइतकीच पाण्याचीही आठवण होते.

हा भेद शिक्षकाला पुस्तकापेक्षा घरात अधिक जाणवला. एका हिवाळ्यात त्याची आई नागपूरहून राहावयास आली. सकाळी नात म्हणाली, “आजी, मी घामात बसते.” आजी पंचा घेऊन धावली. आसपासच्या हिंदी बोलींत ‘घाम’ म्हणजे ऊन. संस्कृत ‘घर्म’ या एकाच शब्दाचे तिकडे ऊन झाले, मराठीत अंगावरचे पाणी. फारसी ‘गर्म’ही त्याच कुळातला. शिक्षकाने हे सारे मुलीला समजावले आणि बजावले, “घाम नव्हे, ऊन म्हणायचे.”

त्यानंतर मुलगी आजीशी हिंदीत बोलू लागली. मराठीत चूक होण्यापेक्षा ते तिला सोपे वाटले असावे. प्रश्नांना उत्तरे मिळत, पण तेवढीच. घरातील बोलणे कोरडे झाले.

काही दिवसांनी आजीने अंगणात सतरंजी अंथरली आणि नातीला हाक मारली, “ये गं, घामात बसू.”

नागपूरच्या मराठीत ते वाक्य चुकीचे होते. शिक्षकाने ते दुरुस्त केले नाही.