पेवाची ओल

पेव ओलसर जमिनीत वाढतं, एवढंच ऐकून पुष्कळ जण बागेतली पाणी तुंबणारी जागा त्याच्यासाठी राखून ठेवतात. कोकणात आणि घाटउतारावर ते जिथे आपसूक उगवतं त्या जागा पाहिल्या, तर ही समजूत टिकत नाही. ओहोळाची दरड, गडग्याचा पायथा, रस्त्याकडेच्या चराचा वरचा काठ, आणि बहुधा अर्धी सावली. तिथे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. पण जांभ्याची माती आणि उतार त्याला थांबू देत नाहीत. वरचा पालापाचोळा तेवढा भिजलेला राहतो आणि पेवाचा आडवा कंद त्याच्याच खाली उथळ पसरतो. म्हणून मी पेवासाठी खड्डा करत नाही. वाफा वीतभर उंच, मातीत जाड वाळू आणि भरपूर कुजका पाला. देशावरच्या काळ्या जमिनीत तर एवढं केल्याशिवाय पेव लावूच नये. मग पावसाच्या तोंडावर फुटलेला कोंब श्रावणात पुरुषभर उंच होतो, गोल जिन्यासारखी पानं वळत वर चढतात आणि लाल सहपत्रांच्या कणसातून चुणीदार पांढरी फुलं निघू लागतात. एकेक फूल जेमतेम दिवसभराचं, पण कणीस कित्येक आठवडे फुलत राहतं.

खरी कसोटी दिवाळीनंतर लागते. पानं पिवळी पडतात, खोडं वाळतात, आणि घाबरून आपण पाणी वाढवतो. बारमाही पावसाच्या मुलखांत पेव वर्षभर हिरवं असतं, मग इथे पाणी घालून तसं का ठेवू नये, असा प्रश्न रास्तच आहे. पण त्या मुलखांत हवाही दमट असते, ती नळाने आणता येत नाही. इथे पानं गेली की पाणी ओढणारं कुणी उरत नाही. ते कंदाभोवती पडून राहतं, हवा कोंडते, कंद कुजतो. डाळिंबाचं पाणी तोडून ताण देतात तो बहर धरण्यासाठी. पेवाचं पाणी तोडायचं ते त्याला झोपू देण्यासाठी. फक्त आच्छादन काढू नये, नाहीतर उन्हाळ्यात तापलेली माती उथळ कंद सुकवते. सहा-सात महिने कोपरा ओकाबोका दिसतो, हा आक्षेप मला मान्य आहे. त्यावर उपाय जागेचा: पेव मागे लावावं, पुढे बारमाही झुडपं. रोपासाठी रानातला कंद मात्र खणू नये. औषधांसाठी लागणाऱ्या डायोस्जेनिन या द्रव्यासाठी तो आधीच खणला जातो. पक्व खोडाचे पेराएवढे तुकडे ओलसर वाळूत आडवे ठेवले की पेरांतून कोंब आणि मुळं फुटतात. ती वाळूसुद्धा मुठीत दाबल्यावर पाणी न गळण्याइतकीच ओली हवी.