कवचांची साक्ष

सागरतळाचा चिमूटभर गाळ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की त्यात वाळूच्या कणाएवढी शुभ्र कवचे दिसू लागतात. ती फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जीवांची. जीव मरतो, कवच तळाशी उतरते, थरावर थर साचतो. पाण्यातून घेतलेला ऑक्सिजन त्या चुन्याच्या भिंतींत जपला जातो. त्यातील जड आणि हलक्या अणूंचे प्रमाण हीच त्याची लिपी.

१९५५ मध्ये चेझारे एमिलियानी यांनी या लिपीत मुख्यतः प्राचीन समुद्राचे तापमान वाचले. १९६७ मध्ये निकोलस शॅकल्टन यांनी तिचा निराळा अर्थ लावला. हलक्या ऑक्सिजनचे पाणी भूमीवर बर्फ होऊन अडकले, की समुद्रात जड ऑक्सिजनचे प्रमाण वाढते. म्हणून कवचे प्रामुख्याने हिमराशींची वाढघट सांगतात. संहिता तीच राहिली, वाचन प्रगल्भ झाले.

परंतु संहिताही अक्षय नसते. माणसाने हवेत सोडलेला कार्बन डायऑक्साइड समुद्र शोषतो, पाणी आम्लतेकडे झुकते आणि कवच घडवणे अवघड होते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दक्षिण महासागरातील ‘ग्लोबिजेरिना बुलॉइडिस’ची आधुनिक कवचे तळातील जुन्या कवचांहून सुमारे ३० ते ३५ टक्के हलकी आढळली. आपल्या काळाची साक्षही त्या गाळात उतरत आहे. ती अधिक पातळ भिंतींवर लिहिलेली आहे.