आजीला ‘आयोडीन’ दिलंय, नातवंडांनी जवळ जायचं का?



सुट्टीची तिकिटं काढली की घरून एखादी बातमी येतेच. आमच्याकडे गेल्या वर्षी आली: सासूबाईंना थायरॉइडसाठी रेडिओॲक्टिव्ह आयोडीन द्यायचं ठरलंय. फॅमिली ग्रुपवर लगेच दोन तट. एक म्हणे, “मुलांना यंदा आणूच नका.” दुसरा म्हणे, “अहो, आयोडीन तर मिठातही असतं!” तुमच्याही घरी ही वेळ येऊ शकते, म्हणून लिहितेय.

आधी विचारा: कुठलं आयोडीन?

आयोडीनच्या प्रत्येक अणुकेंद्रकात प्रोटॉन ५३ असतात, न्यूट्रॉन मात्र कमी-जास्त. हेच आयसोटोप, शाळेतले ‘समस्थानिक’. मिठातलं आयोडीन-१२७ स्थिर असतं, त्यातून किरण निघत नाहीत. स्कॅनसाठी बऱ्याचदा १२३ देतात, उपचारासाठी १३१. थायरॉइडला यातला फरक कळत नाही, ती सगळंच ओढून घेते.

फरक केंद्रकात आहे. अस्थिर केंद्रक बदलून दुसऱ्याच मूलद्रव्याचं होतं: १२३ चं टेल्युरियम, १३१ चं झेनॉन. या नव्या केंद्रकाकडे बहुतेक वेळा जास्तीची ऊर्जा असते. ती टाकून ते खालच्या पायरीवर उतरतं. ती टाकलेली ऊर्जा म्हणजे गॅमा किरण. प्रत्येक केंद्रकाचा जिना वेगळा, पायऱ्यांची उंची ठरलेली. म्हणून १२३ चा मुख्य गॅमा १५९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा, तर १३१ चा ३६४ चा. अर्धायुष्यही वेगळं: १२३ चं साधारण १३ तास, १३१ चं ८ दिवस.

१३१ मधून बीटा कणही निघतात. ते ग्रंथीतच एक-दोन मिलिमीटरमध्ये थांबतात, आणि उपचार मुख्यतः तेच करतात. गॅमा मात्र शरीराबाहेर येतो, म्हणून काही दिवस आजीच्या मांडीवर बसायचं नाही. लघवी आणि लाळेतूनही आयोडीन बाहेर पडतं, म्हणून ताट-पेला, टॉवेल वेगळा. लहान मुलं आणि गरोदर बायकांनी जास्त जपायचं. किती दिवस, ते डोसवर ठरतं. डॉक्टरांकडून लेखी घ्या, ग्रुपवरून नको.

सासूबाई फोनवर म्हणाल्या, “मला वाळीत टाकल्यासारखं वाटतंय गं.” तेव्हा आम्ही तिकिटं तीन आठवडे पुढे ढकलली आणि मुलीला जिन्याची गोष्ट सांगितली. तिने आजीला समजावलं, “आजी, तू नाही गं, तुझ्यातलं झेनॉन पायऱ्या उतरतंय. उतरून झालं की मी येते.” त्यांना खूप हसू आलं. रोज रात्री व्हिडिओ कॉलवर दोघी दिवस मोजायच्या.

आणखी एक: उपचारानंतर काही आठवड्यांनीही विमानतळावरचे डिटेक्टर वाजू शकतात. आई-बाबा तुमच्याकडे येणार असतील, तर औषधाचं नाव, डोस आणि तारीख लिहिलेलं हॉस्पिटलचं पत्र इंग्रजीत घ्यायला सांगा, आणि ते बॅगेत नको, हाताशी ठेवा.