अंगापेक्षा कमी

ब्लाउज शिवणारीच्या हाताला एक सवय जडते. माप घेतलं की त्यात भर घालायची. छातीला श्वासापुरता लूज, बाजूच्या शिवणीत इंचभर माया, म्हणजे पुढच्या दिवाळीला उसवून वाढवता येईल. जालन्यातल्या लग्नसराया मी याच हिशेबावर काढल्या. भाचीसाठी पोहण्याचा कॉस्च्युम शिवायला घेतला, तेव्हा मात्र पेपर कटिंगवर वजाबाकी मांडावी लागली.

निमित्त शेततळ्याचं. बहीण कडवंची गावाच्या बाजूला दिलेली. पाणलोटाची कामं झाल्यापासून तिकडं द्राक्षबागा वाढल्या आणि बागांबरोबर शेततळीही. उन्हाळ्याला आधार म्हणून ती सोन्यासारखी, पण विहिरीला पायऱ्या असतात, शेततळ्याला नसतात. उतरत्या बाजूंवर प्लास्टिकचा कागद अंथरलेला, त्यावर शेवाळ. एकदा घसरलं की पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. शहाणे लोक कडेला गाठी मारलेला दोर आणि ट्यूब सोडून ठेवतात. त्यामुळे पोरीला पोहता आलंच पाहिजे, हा बहिणीचा हट्ट मला पटलेला होता. पाठीला डबा बांधून विहिरीत ती हातपाय मारायला शिकलीही. अडचण कपड्यांची होती. पोरं चड्डीवर उड्या मारतात आणि हिच्या अंगावर सलवार, कमीज, वरून भावाचा टी-शर्ट. सुती कापड पाणी पितं, जड होतं, पायात गुंडाळतं. सुट्टीत संभाजीनगरला तलावावर घातली, तर तिथं सुती कपडे चालेनात. त्यांचे धागे आणि रंग पाण्यात सुटतात, गाळणीत अडकतात, त्यामुळे तलाववाल्यांचं बरोबरच होतं. गुडघ्यापर्यंतचा, बाह्यांचा तयार कॉस्च्युम पाहिला तर खांद्याला बसणारा कमरेला ढगळ. शेवटी बहीण म्हणाली, "अक्का, तूच शिव की."

आमच्या आजीला हा प्रश्न कधी पडला नसावा. नऊवारीचा कासोटा आवळून ती विहिरीत सूर मारायची. पाचवारी आणि सलवारीनं बायकांची ती सोय काढून घेतली, असं माझं मत आहे.

शिवायला बसण्याआधी ‘ब्रह्मचारी’तलं ते गाणं पुन्हा पाहिलं. 1938 सालचा चित्रपट, लेखन अत्र्यांचं, दिग्दर्शन मास्टर विनायकांचं. त्यात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात आल्या आणि गहजब झाला. लोकांनी काय पाहिलं ते लोक जाणोत, मी पायाच्या कडा पाहत होते. आज ज्या ताणाच्या धाग्यावर सगळं चालतं तो स्पँडेक्स, म्हणजे आपल्या तोंडातली लायक्रा, अमेरिकेत ड्यूपॉन्टच्या जोसेफ शिव्हर्स यांनी 1958 साली काढला. त्याआधीचे असे पोशाख बहुतेक लोकरीच्या नाहीतर सुती विणीचे, फार तर आत रबराचा धागा. लोकर भिजली की लोंबणारच. तो पोशाख कुणी शिवला, कॅमेऱ्यापुढं तो जागच्या जागी कसा ठेवला, हे कुठं नोंदलेलं माझ्या वाचनात नाही. गहजबापेक्षा मला तेच वाचायला आवडलं असतं.

कापड मुंबईहून मागवलं. नायलॉन-लायक्रा, लेगिंगच्या कापडासारखं दिसणारं, पण त्यात सूत नाही. आधी ते मोजायचं. दहा सेंटिमीटरची घडी पट्टीवर धरून ओढली, पंधरापर्यंत आरामात गेली. जास्त ताण ज्या दिशेला, ती दिशा अंगाभोवती आडवी घ्यायची. मग घेरातून सरळ दहावा हिस्सा कमी केला. उंचीतूनही थोडं काढलं, कारण ओलं कापड खाली ओढलं जातं. ब्लाउजवालीला कधी न लागणारं एक माप इथं सगळ्यांत महत्त्वाचं असतं. टेप खांद्यावरून पुढून खाली, दोन्ही पायांमधून, पाठीवरून परत त्याच खांद्यावर. हा फेरा कमी पडला तर खांदा काचतो, जास्त झाला तर आसनाशी पाण्याची पिशवी होते. भाची लाजली. मी टेप तिच्याच हातात दिला, आकडा तिनं वाचला.

बहिणीला मात्र कागद पाहून धक्का बसला. "एवढुसा? थोडा मोठाच शिव ना, दोन वर्षं जाईल." आयांचं हे वाक्य मी शाळेच्या गणवेशापासून ऐकत आलेय आणि दरवेळी मानत आलेय. इथं मानता येत नव्हतं. ढगळ कॉस्च्युमात पाणी भरतं, पोहणारीला ते सोबत ओढावं लागतं. या कपड्यानं अंगाला धरून राहायचं असतं, आणि धरायचं तर तो अंगापेक्षा लहान हवा. वाढत्या पोरीला वर्षानं दुसरा शिवावा लागेल, असं मी स्पष्ट सांगितलं. ती गप्प झाली, पटलं म्हणून नव्हे.

माझं काळं पायमशीन सरळ टाका घालतं. चिंधीवर सरळ टाका घालून कापड ओढलं तर दोरा तडकन तुटतो. गावात झिगझॅग कुठं मिळेल? पिको-फॉलवालीकडं! तिचं मशीन दिवसभर साड्यांच्या कडांवर तेच तर करत असतं. टाका अरुंद करून घेतला, सुई होजिअरीची, बोथट टोकाची घातली. साधी सुई विणीचे फासे कापते आणि टाके सुटतात. पायांमध्ये सलवारीसारखी मियानी बसवली, म्हणजे चार शिवणी एका जागी भेटून टोचत नाहीत. पाठीला चेन प्लास्टिकची. चेन ताणत नाही, कापड ताणतं, म्हणून तिच्या दोन्ही कडांना आधी न ताणणारी पट्टी लावायची, नाहीतर चेन नागमोडी बसते. अस्तराचा निर्णय चिंधी भिजवून तळहातावर ठेवून केला. गडद निळ्यातूनही हाताच्या रेषा दिसल्या. अस्तर पुढं पूर्ण लावलं.

2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये गाजलेल्या पोहण्याच्या पोशाखात शिवणच नव्हती, जोड ध्वनिलहरींनी चिकटवलेले होते. पुढं 2010 पासून त्या जातीच्या पोशाखांवर बंदी आली. शिवणाऱ्या बाईला त्या बंदीचा आनंद झाला असेल तर तिला माफ करावं.

ट्रायल आरशापुढं घेऊन उपयोग नव्हता. कोरड्यात सगळंच छान दिसतं. मोरीत बादलीभर पाणी अंगावर ओतून तिला उकिडवं बसवलं, उभं केलं, दोन्ही हात वर करून कानाला लावायला सांगितले. बाही वर गेली, आसन जागेवर राहिलं. वापरून झाला की साध्या पाण्यात खळबळायचा, पिळायचा नाही, सावलीत वाळवायचा, कारण क्लोरीन आणि ऊन दोन्ही लायक्रा खातात, हे बजावलं.

आता तिच्या मैत्रिणीच्या आईला तसाच हवाय, पण बाह्या मनगटापर्यंत आणि पाय घोट्यापर्यंत. लांबीबद्दल माझं काही म्हणणं नाही, ज्याच्या त्याच्या घरचा तो मामला. मला चिंता मुंढ्याची आहे. बाही लांब झाली की हात उचलताना सगळा ओढा काखेत येतो. तिथं मियानीसारखाच एक तुकडा घालून बघणार आहे. आणि शिलाई किती सांगायची, ते अजून ठरत नाही.